शेवटची ओळ

चष्म्याच्या त्या दुकानात काकांचा शब्द शेवटचा असे. पाटी असो वा पावती, त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय काहीही बाहेर पडत नसे. म्हणूनच जुन्या गिऱ्हाइकांना पाठवायचा ईमेल पुतणीने संगणकावर उघडला आणि त्यांना खुर्ची ओढून दिली. डोळे पुन्हा तपासून घ्या, एवढाच निरोप; पण तिने त्याला आकाशी पार्श्वभूमी, फ्रेमांची चित्रे आणि नाजूक करड्या अक्षरांचा साज चढवला होता.

काकांना दिसले ते निळसर धुके आणि त्यात मुंग्यांची रांग. सहा महिने हे असेच चालले होते. तपासणीचा तक्ता तोंडपाठ असल्याने निभावत होते. पण स्वतःचे डोळे स्वतःला तपासता येत नाहीत, आणि पोरीला सांगावे, तर ती आपल्याला शोभेपुरते दुकानात बसवील, ही धास्ती.

"पत्र म्हणजे पत्र असावं," त्यांनी जुना वाद उकरून काढला. "चार साध्या ओळी, खाली नाव. ही वरात कशाला?"

"साधं पत्र लोक न उघडता पुसून टाकतात, काका. चित्र दिसलं की बोट थांबतं."

"थांबतं, पण वाचतं का?"

"आधी तुम्ही तर वाचा! मग भांडू."

आता माघार नव्हती. काकांनी मान सावकाश डावीकडून उजवीकडे नेली, प्रत्येक ओळीला योग्य तेवढा वेळ दिला आणि म्हणाले, "जिंकलात, बाईसाहेब. शेवटची ओळ तर फार मनापासून उतरलीय."

पुतणी खुदकन हसली. मग ते हसू मध्येच थांबलेले त्यांनी ऐकले.

"शेवटची ओळ 'येथे आपला मजकूर लिहा' अशी आहे, काका. तयार नमुन्यातली. पुसायची राहिली माझ्याकडून."

काकांनी चष्मा काढला आणि ते स्वच्छ काचा पुसत राहिले.

"कधीपासून?"

"सहा महिने."

"आणि मला सांगायला काय झालं होतं? मी परकी आहे?"

"चष्मेवाल्यालाच दिसत नाही, हे सांगायला जीभ रेटत नाही गं."

निळाई, चित्रे, सारे बाजूला सारून तिने तोच मजकूर साधा टाइप केला आणि त्यांच्या मोबाइलवर पाठवला.

"चित्रातली अक्षरं ताणली की फिसकटतात. ही ज्याला हवी तेवढी मोठी करता येतात. साधंच पाठवू."

"माझी दया येऊन हरू नकोस."

"दया कसली? ज्यांना नीट दिसत नाही, त्यांनाच तर बोलावतोय आपण. हे मला आधी सुचायला हवं होतं."

मग तिने त्यांना हाताला धरून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवले. इतक्या वर्षांत काका त्या खुर्चीत कधी बसले नव्हते. तिने मोबाइल समोर धरला.

"तक्ता तुम्हाला पाठ आहे. हे पत्र पाठ नाही. वाचा."

पहिली ओळ अंगठ्याएवढ्या अक्षरांत होती. काकांनी ती खणखणीत वाचली. दर ओळीला ती अक्षरे लहान करत गेली. चौथ्या ओळीवर त्यांचा आवाज अडखळला.

"अंदाज नाही हं, काका."

काकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, मग सोडले.

"इथून पुढे नाही दिसत."

पुतणीने तपासणीची फ्रेम हलकेच त्यांच्या नाकावर ठेवली आणि पहिली काच सरकवली.

"आणि आता?"