बसून बघ

पाटाच्या फटीत मोती अडकला होता. मोहरीएवढा, मळकट गुलाबी… कुठल्या लेहंग्याचा ते अश्लेषाला आठवेना. या मोसमात तिनं गुलाबी मोती वापरलेच नव्हते, मागच्या मोसमातही नाहीत, म्हणजे जुन्या कुणा मुलीचा असणार, बसताना घेर लाकडाला घासला असेल – सुईच्या टोकानं ती मोती उकरत होती आणि ही निव्वळ टाळाटाळ आहे हेही तिला कळत होतं. मोती निघो न निघो, पाट आज पडद्यामागे जायचा होता. गिऱ्हाईक यायच्या आत.

काल जेवताना अवनी म्हणाली होती. अवनीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच येतं. चंदीगडात जन्मलेली, मोहालीतल्या कंपनीत नोकरी करणारी मुलगी, तिच्याकडून आणखी काय अपेक्षा करायची. "आई, तू लॉजिक देख यार. लडकी खडी है, शीशे में खुद को देख रही है, खुश है. बिल तभी बनता है. और तू उसको बिठा देती है. बैठी तो सोचेगी, सोचेगी तो जाएगी." एवढं बोलून तिनं शांतपणे कढीत भात कालवला. अश्लेषानं नवऱ्याकडे, नरेंद्रकडे पाहिलं, नरेंद्रनं ताटाकडे. उत्तर द्यायला हवं होतं, पण पोरीचं म्हणणं खरं होतं. पाटावर बसून उठलेल्या किती मुली 'सोचके बताते हैं' म्हणून जिना उतरल्या होत्या, आणि त्यातल्या किती पुन्हा चढून आल्या?

चंदीगडच्या सेक्टर पस्तीसमधली पहिल्या मजल्यावरची एक खोली, मागे शिवणाची दोन मशीनं, एक उभा आरसा. एवढंच तर दुकान. तिकडे मोहालीत तीन मजली शोरूम उघडलं होतं – आल्या आल्या कॉफी, गोल चौथरा, त्यावर दिवे, एकेका नमुन्याचे सगळे साइज हजर. मुली इथे येऊन लेहंगा अंगावर चढवतात, फोटो काढतात आणि तोच फोटो तिकडे दाखवून तसलाच घेतात. भावात त्यांच्याशी भांडता येत नाही, मालात तर नाहीच. मग आपल्याकडे असं काय आहे जे त्यांच्याकडे नाही? पाट आहे, असं मनात आलं आणि तिचं तिलाच हसू फुटलं. दात कोरून पोट भरण्याचाच प्रकार.

खुंटीवर तो डाळिंबी लेहंगा होता. गेलं वर्षभर होता. त्याच्या जरदोजीत तिनं आपला सगळा जीव आणि जवळजवळ सगळं भांडवल घातलं होतं. तो या मोसमात गेला तर पुढच्या मोसमाचं कापड घेता येणार होतं, नाही गेला तर दुकान बंद – हे तिनं स्वतःच घरात सांगून टाकलं होतं, आणि सांगितल्यावर कुणी 'असं नको गं' म्हणालं नाही, ते लागलं होतं.

पाट मिरजेहून आला. नरेंद्रची बदली इकडे झाली तेव्हा सामानात आला आणि फक्त गणपतीला बाहेर निघायचा. मग एका गिऱ्हाइकानं लग्नाला बोलावलं. गुरुद्वाऱ्यात कीर्तन चाललेलं, नवरी खाली मांडी घालून बसलेली, लेहंगा तिच्याभोवती गादीसारखा फुगलेला… आणि फेऱ्यांसाठी उठायची वेळ आली तेव्हा तिला उठताच येईना. दोन भावांनी काखेत हात घालून उचललं. लोक कौतुकानं हसले. अश्लेषाला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण लेहंगा तिच्या हातचा होता. दुसऱ्या दिवशी पाट दुकानात. तेव्हापासून नियमच – बसून बघ. बस, वाकून मत्था टेक, हात वर कर, कुणाचा हात न धरता ऊठ. जिथे अडेल तिथे उसवायचं.

पण ते तरी खरं कारण होतं का? खरं कारण त्याहून जुनं. तिच्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्ये ती एकाही फोटोत हसत नाही. कपाळाला आठी, नजर खाली. सासूबाईंनी अल्बम मिटून 'सून घुमी आहे' म्हटलं आणि ते कायमचं चिकटलं. नरेंद्र अजूनही सप्तपदीचं पान भरकन उलटतो. मी किती वेळा सांगितलं – पोलकं काचत होतं हो, काखेत, तासन् तास त्या पाटावर बसून जीव नकोसा झाला होता, तुम्ही कुणी विचारलंत का? एवढंच होतं ते. एका शिवणीचं काम. कुणी आदल्या दिवशी मला बसवून पाहिलं असतं तर माझे फोटो वेगळे आले असते.

जिन्यात चपला वाजल्या. तिनं पाट पडद्यामागे सारला.

गुरलीन आईबरोबर आली होती. मोहालीच्या नॉलेज सिटीत संशोधन करणारी, चष्मेवाली, कमी बोलणारी. डाळिंबी लेहंग्याकडे तिनंच बोट दाखवलं आणि तो घालून ती आरशासमोर उभी राहिली. जणू तिची मापं घेऊनच केला होता. आईचे डोळे भरून आले. "बस जी, यही. पैक करा दो."

झालं. विकला गेला. पाटाशिवाय. अवनी शहाणी निघाली.

"आंटी," गुरलीन म्हणाली, "वो लकडी वाली चीज कहाँ है? सिमरन ने बोला था, उसपे बैठे बिना मत लेना. उसी के लिए तो आए हैं यहाँ, मोहाली छोड के."

"लो, बैठ के क्या देखना, पुत्तर," आई म्हणाली. "इतना सोहना लग रहा है."

अश्लेषाला इतका आनंद झाला की तो लपवायला तिला पाठ फिरवावी लागली. पाट ओढून काढेपर्यंत रात्रीच्या जेवणावर अवनीला ऐकवायचं वाक्य तयारसुद्धा झालं होतं. ही सिमरन दोन वर्षांपूर्वीचं गिऱ्हाईक. चहा न पिता, पैसे काढायच्या आधी पाटावर तासभर बसलेली.

गुरलीन बसली. मांडी घातली, वाकली, हात वर केले. सगळं विनासायास. मग हात मांडीवर ठेवून ती तशीच बसून राहिली, आणि तिच्या कपाळाला बारीक आठी पडली. नजर खाली गेली.

हा चेहरा अश्लेषाला पाठ होता. ती गुडघ्यांवर बसली, तिनं काख चाचपली, कंबर, पाठीचे हूक… बोट सहज आत जात होतं. सगळीकडे. "कहाँ चुभ रहा है, बेटा?"

"कहीं नहीं, आंटी."

तिनं पुन्हा काखेतून बोट फिरवलं.

"सच में," गुरलीन हळूच म्हणाली, आईला ऐकू जाणार नाही इतपत. तक्रारीचा सूर नव्हता, तिचं तिलाच नवल वाटत असावं. "कहीं नहीं चुभ रहा."

अश्लेषाची बोटं तिथेच राहिली. बाकीच्या मुली काहीतरी सांगत असत – इथे टोचतंय, तिथे ओढतंय – आणि ती उसवत असे, आणि कपाळाची आठी सुटत असे. निदान तिला तसं वाटत असे. आपलं पोलकं… ते पुढे मावसबहिणीच्या लग्नातही घातलं होतं की आपण. उसवून घेतलं होतं का आधी? घेतलंच असणार. कुठल्या बाजूला काचत होतं ते? इतकी वर्षं सांगत आलोय, काखेत, काखेत… उजवीकडे की डावीकडे? तिनं डोळे मिटले. होमाचा धूर आठवला, पायाला आलेल्या मुंग्या आठवल्या, शेजारी नरेंद्रचा हात, अनोळखी, स्वच्छ कापलेल्या नखांचा. नरेंद्र वाईट नव्हता. कधीच नव्हता. उजवीकडे की…

"पैक करा दें जी?" आईनं सोफ्यावरून विचारलं. पर्स तिनं उघडलीही होती.

बैठी तो सोचेगी. अश्लेषानं रिकाम्या खुंटीकडे पाहिलं. 'हाँ जी' एवढंच म्हणायचं होतं. पोरगी काही म्हणाली नव्हती, लेहंग्यात खोट नव्हती, आणि लोकांच्या पोरींच्या मनात डोकावणं हे काही दुकानदाराचं काम नव्हे.

"थोडा और बैठने दो, बहनजी," ती म्हणाली आणि तिचा तिलाच राग आला.

गुरलीननं मान वर केली नाही, पण ती उठलीही नाही. अश्लेषा तिच्या शेजारी फरशीवर टेकली. दुकानाची काळजी होतीच, ती कुठे गेली नव्हती. आज घरी गेल्यावर अल्बम काढावा का, नरेंद्रसमोर काढावा का, असं तिच्या मनात आलं आणि तिला भीती वाटली. मग तिनं साडीच्या पदराखालून आधी उजवी काख दाबून पाहिली, आणि मग डावी.