साच्याचे बोल्ट कुणी सैल केले?

मित्रांनो, मी गिटारचा साचा आहे. जुना, सरसाचे डाग पडलेला, कमरेपाशी ठिगळ लावलेला, आणि सध्या चांगलाच चिडलेला. माझी कहाणी गोड असेल असं समजून बसला असाल, तर आत्ताच उठा.

साचा म्हणजे काय, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. कोण सांगणार? गिटार सगळ्यांना दिसते. तिचे गोल खांदे, बारीक कंबर, खालचा भरलेला घेर. पण लाकडाची सरळ पातळ पट्टी आपणहून अशी वळत नाही. तिला ओली करून तापलेल्या नळीवर वळवावं लागतं, आणि वळवली तरी ती पुन्हा सरळ व्हायला बघते. लाकूड हट्टी असतं. त्याला धरून ठेवणारं कुणीतरी लागतं. तो मी. माझे दोन भाग आहेत, डावा आणि उजवा. ते जोडून दोन्ही टोकांचे बोल्ट आवळले की मधे गिटारच्या आकाराची पोकळी उरते. त्या पोकळीत बाजूच्या पट्ट्या बसवतात, आतून आडव्या लाकडी दांड्यांचे ताण देऊन माझ्या अंगाशी घट्ट दाबतात, आणि वरची फळी व पाठ चिकटेपर्यंत मी त्यांना सोडत नाही. मग गिटार बाहेर पडते आणि वाहवा मिळवते. मी परत खिळ्यावर.

मला ताईनं घडवलं. घराच्या मागे, स्वयंपाकघराला लागून एक अडगळीची खोली होती. तिथली अडगळ पलंगाखाली ढकलून ताईनं आणि तिच्या धाकट्या भावानं गिटारी बनवायला सुरुवात केली. धाकटा गिटार बरी वाजवतो, आणि बोलतो तर त्याहून बरा. त्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलणं त्याच्याकडे आणि कापणं, तासणं, वळवणं ताईकडे, अशी वाटणी झाली. कुणी ठरवली नाही. अशा वाटण्या कुणी ठरवतच नाही, त्या आपोआप होतात आणि नेहमी एकाच बाजूला कलतात.

फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ताईनं माझा आकार काढला, तोही अर्धाच.

धाकटा हसला. "अर्धी गिटार विकणार का गं?"

"पूर्ण काढली तर डावी बाजू एक बोलेल आणि उजवी भलतंच," ताई म्हणाली. "माणसाचा हात दोनदा सारखा वळत नाही. अर्धाच नमुना करायचा आणि तोच उलटा ठेवून दुसरी बाजू आखायची. मग दोन्ही जुळ्या."

त्या नमुन्यावरून तिनं प्लायवूडचे तुकडे कापले, एकावर एक ठेवून सरसानं चिकटवले, आणि वजन म्हणून आईचं शिलाई मशीन माझ्या छातीवर आणून ठेवलं. मग कानस, मग पॉलिश पेपर. घरभर भुसा झाला. आई ओरडली, "चहात लाकूड, अंथरुणात लाकूड! उद्यापासून दात घासायच्याऐवजी रंधाच मारते!" ताई हसत हसत माझ्या आतल्या कडेवर बोट फिरवत राहिली. कुठे उंचवटा लागला की पुन्हा घासायची. शेवटी तिनं आतून मेण चोळलं, म्हणजे ओघळलेला सरस मला धरून बसणार नाही. दरवेळी नव्या पट्ट्या बसवण्याआधी मेण चोळायचं, हा तिचा नियम.

मग कामाची वर्षं आली. किती गिटारी माझ्या कुशीतून गेल्या, ते मी मोजलं नाही. गरम, ओल्या पट्ट्या आत यायच्या आणि सगळ्या खोलीत भिजल्या लाकडाचा वास भरायचा. कडेच्या आतल्या बारीक पट्ट्या चिकटवताना ताई कपड्यांचे चिमटे लावायची, एकाला एक खेटून, माझ्या डोक्यावर मुकुट घातल्यासारखे. बाहेर आईची ओली चादर उडून शेजाऱ्यांच्या दारात जाऊन पडायची. "माझे चिमटे!" अशी आरोळी आली की धाकटा माझ्याकडे बोट दाखवून मोकळा.

गिऱ्हाईक यायचं, गिटारच्या कमरेवरून हात फिरवायचं. "काय वळण आहे! काय हात आहे तुमचा!" धाकटा मान तुकवायचा. गिटारच्या पोटात, भोकातून दिसेल असा कागद चिकटवलेला असायचा, त्यावर एकट्या धाकट्याचं नाव. ताई त्याच खोलीत, दोन हात अंतरावर, गुडघ्यात फळी धरून बसलेली असायची. मी तिच्या डोक्यावर खिळ्याला. मित्रांनो, मला तोंड असतं तर त्या गिऱ्हाइकाचा चावा घेतला असता.

ताई कितीदा म्हणाली, "अरे, आणखी एक साचा करू. एकावर सगळा भार नको."

"दोन दिवस त्यात घालवायचे? आणि साचा काय वाजतो का ताई? तो कोण मागतो?"

एवढं बोलून तो तारा जुळवायला बसायचा. ताई पुन्हा रंधा उचलायची. ते मुकाट कामाला लागणं मला अजून टोचतं.

पण एकदा तिनं स्वतःसाठी गिटार करायला घेतली. शिसवाची एक फळी तिनं जपून ठेवली होती. एकाच फळीतून दोन्ही पट्ट्या चिरल्या, म्हणजे दोन्हीकडे रेषा सारख्या. आत चिकटवायच्या कागदावर यावेळी तिचं नाव येणार होतं. पट्ट्या तिनं वळवल्या, मला मेण चोळलं, आत बसवल्या, दोन्ही टोकांचे ठोकळे चिकटवले. तेवढ्यात मावशी पडल्याचा निरोप आला आणि ताईला जावं लागलं. दारातून तिनं बजावलं, "साच्याला हात लावू नकोस. फळी आणि पाठ लागल्याशिवाय पट्ट्या काढायच्या नाहीत."

"नाही लावत गं! मी काय लहान आहे?"

लहान असता तर परवडलं असतं.

दुसऱ्याच दिवशी एक गायक आला. कार्यक्रम तोंडावर आलाय, गिटार लवकर हवी म्हणाला. धाकट्यानं हो म्हटलं. त्यानं पाना घेतला आणि माझे बोल्ट सैल केले. आतले ताण काढले. ताईच्या पट्ट्या उचलून कपाटावर ठेवल्या, खिडकीजवळ, उन्हात.

"ताई चिडेल," आई म्हणाली.

"पट्ट्या काय पळून जातायत?"

पळूनच गेल्या, मित्रांनो. उन्हानं वाळल्या आणि आपण एके काळी सरळ फळी होतो हे त्यांना आठवलं. कंबर उसवल्यासारखी फाकत गेली. मी समोरच, टेबलावर, माझ्या पोटात गायकाच्या गिटारच्या पट्ट्या, आणि मला ते सगळं बघावं लागलं.

घाईत धाकटा मेण विसरला. त्या पट्ट्या माझ्या अंगाला चिकटल्या. ओढून निघेनात, तेव्हा त्यानं पटाशी घातली आणि हातोडी मारली. माझ्या कमरेचा लांबच लांब टवका निघाला. गायकाच्या गिटारची कडही खरवडली ती खरवडलीच. आणि गायकाला हा काय सांगतो? "साचाच जुना झालाय हो, वाकडा आहे."

मी वाकडा! ज्याला ताईनं बोटानं घासून घासून सरळ केलं, तो मी वाकडा, आणि हातोडी मारणारा सरळ!

ताई परतली. पिशवी हातातच होती. आधी तिनं कपाटावर पाहिलं, मग मला. माझ्या टवक्यावर अंगठा ठेवला.

"बोल्ट कुणी सैल केले?"

"ताई, ऐक ना. गायक फार मागे लागला होता."

"मी विचारलं, बोल्ट कुणी सैल केले?"

"मी. बरं? मी केले. पुन्हा वळव ना, तुला काय अवघड आहे?"

"अगं, लाकूडच तर आहे," आई दारातून म्हणाली. "दुसरं आण. घरात भांडण नको."

"लाकूडच आहे?" ताईचा आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि तेच जास्त वाईट. "त्याच्या तीन तारा तुटल्या होत्या तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतंस तू, आई. त्या तारा आणि हे नुसतं लाकूड?"

धाकटा चुळबुळ करत राहिला.

ताईनं नळी तापवली. टोकांचे ठोकळे सोडवून पट्ट्या भिजवल्या आणि पुन्हा वळवायला घेतल्या. एक हळूहळू वळली. दुसरी कमरेपाशी कट्‌कन मोडली. ताईनं दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले, हात धुतले, आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली.

मग आईनं काय केलं, ते सांगतो, कारण रागावलेल्यानंही खरं ते सांगावं. तिनं आपल्या जुन्या कपाटाचं दार बिजागरीतून काढलं. सागाचं दार. ते पायरीवर आणून ताईसमोर टेकवलं.

"कपाटाला दार हवं ना," ताई म्हणाली.

"राहू दे उघडं. माझ्या साड्या काय पळून जातायत?"

ताईला हसू आलं, आणि हसता हसता तिनं पदराला तोंड पुसलं.

त्या दारातून तिनं पातळ पट्टी चिरली. माझ्या टवक्यात कठीण लाकडाचा तुकडा बसवला, घासून एकजीव केला, मेण चोळलं. आणि आता माझ्या पोटात एका बाजूला काळसर शिसव आहे, दुसऱ्या बाजूला पिवळा साग. दोन रंगांची गिटार. कुणाला विचित्र वाटेल. वाटू दे.

आज सकाळी वरची फळी चिकटवून झाली. पाठ अजून लागायची आहे. आणि धाकटा दारात उभा आहे.

"ताई, नवीन ऑर्डर आलीय. मोठं गिऱ्हाईक आहे. फक्त परवापर्यंत साचा दे."

"गिटार आत आहे."

"अगं, फळी लागलीय ना? आता काय होतंय?"

"पाठ लागायचीय."

"मग मी काय करू?"

"साचा कर. नमुना भिंतीवर आहे, प्लायवूड पलंगाखाली आहे, आणि दोन हात देवानं तुलाही दिलेत."

"मला जमत नाही, तुला माहितीय."

"मलाही जमत नव्हतं."

त्याचा हात टेबलावरच्या पान्याकडे गेला. ताईनं आधीच तो उचलला आणि मांडीवर ठेवून बसली. ती ओरडली नाही, उठलीही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी काहीतरी आवळून धरून बसलेलं असेल. त्याचं नाव कुठल्याही कागदावर नसेल. ते वाजत नसेल, चमकत नसेल, पाहुण्यांना दाखवण्यासारखं नसेल. तरी त्याला मेण लावा, त्याच्यावर हातोडी चालवू नका, आणि तुमच्या हातून बिघडलं तर त्याला वाकडं म्हणू नका. आणखी एक. तुम्हाला घाई आहे म्हणून दुसऱ्याचं अर्धं झालेलं काम उचलून उन्हात ठेवू नका.

मला राग सोडायला सांगू नका. राग सोडला तर पकड सुटेल. आत सरस अजून ओला आहे.

धाकटा अजून दारातच उभा आहे. ताई पाना सोडत नाही. मी सागही सोडत नाही, शिसवही सोडत नाही.