तारनाक्याच्या बागेची गोधडी
मुलाने, आदर्शने, दाराला बाहेरून कुलूप लावायला सुरुवात केली, त्याच दिवशी मनकर्णाबाईंनी पलंगाखालची ट्रंक ओढली आणि गोधडीसाठी जुने कपडे काढले.

कुलूप त्यांच्या नवऱ्यासाठी, श्रीपतींसाठी होतं. रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस दोन वर्षांत एकेक गोष्ट विसरत चालला होता. नाही विसरला तो तारनाक्याच्या क्वार्टरमागची बाग. क्वार्टर सोडून दिलसुखनगरच्या फ्लॅटात येऊन नऊ वर्षं झाली, तरी ते सकाळी चपला शोधायचे. "झाडांना पाणी घालून येतो." मागच्या महिन्यात असेच निघाले, ते संध्याकाळी नामपल्ली स्टेशनच्या बाकावर सापडले. दिवसभर पोटात अन्नाचा कण नव्हता.

"तुझा डोळा लागला तर मग कौन देखता?" आदर्श आईला म्हणाला. "आणखी एकदा गेले ना बाबा, तर म्हाताऱ्यांच्या सेंटरमध्येच ठेवावं लागंल."

"आन् मला कायको कोंडतो रे? मी पळून चाल्ले का कुठं?" बाईंनी विचारलं. पोरगा नुसता हसला आणि कामाला गेला. बाईंना मात्र हसू आलं नाही. सेंटर हा शब्द त्यांच्या डोक्यातून जाईना.

बागच घरात आणली, तर माणूस बाहेर जाईल कशाला? बाईंनी मनाशी ठरवलं आणि कात्री घेतली. श्रीपतींच्या निळ्या युनिफॉर्मची जमीन झाली. हिरव्या लुगड्यातून पेरू आणि कढीपत्ता निघाला, लाल ब्लाउजातून जास्वंद. विहारात जाताना नेसायची पांढरी साडी विरली होती. तिचा निशिगंध केला. शेजारच्या सुप्रियाने खिडकीच्या जाळीतून बघून सांगितलं, "आंटी, याला आर्ट क्विल्ट म्हणतात. भिंतीवर लावा, मस्त दिसेल!" भिंतीवर? गोधडीने असं काय पाप केलं होतं, असं बाईंना वाटलं, पण पोरगी प्रेमाने बोलली म्हणून त्यांनी मान डोलावली.

आधी गोधडीच्या चारी कडा शिवून बंद करायच्या आणि मग टाके घालत आत आत, मध्यावर यायचं, ही बाईंच्या आईची रीत. त्यामुळे सगळ्यात आधी कुंपण आलं, खाकी पँटचं. खऱ्या बागेला उजव्या कोपऱ्यात फाटक होतं. श्रीपतींनी स्वतः वेल्डिंग केलेलं, काळं. बाईंनी त्यासाठी काळा तुकडा कापलाही. पण फाटक दिसलं की यांना जाणं आठवेल! तुकडा सुईदोऱ्याच्या डब्यात गेला आणि कुंपण चारी बाजूंनी बंद झालं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

आणि युक्ती लागू पडली की! श्रीपती शेजारी बसून झाडांवर हात फिरवत राहायचे. चपलांचं नाव नाही. तीन आठवडे बाई खूश होत्या, स्वतःवर जरा जास्तच.

मध्यावरचा शेवटचा टाका घालून त्यांनी दुपारी गोधडी पलंगावर पसरली. श्रीपतींनी एकेक झाड ओळखलं. मग त्यांचं बोट कुंपणावरून फिरू लागलं. एक फेरा, दुसरा फेरा. तिसऱ्या फेऱ्याला ते उजव्या कोपऱ्यावर थांबलं.

"फाटक कुठंय, बाई?"

बाई! चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी मनकर्णाला कधी बाई म्हटलं नव्हतं.

"काय करायचंय फाटक? हितंच बरं हाय की."

"झाडांचं पाणी झालं माझं," ते रडवेले होऊन म्हणाले. "आता घरी कसा जाऊ? मनकर्णा जेवायची थांबली असंल."

मनकर्णाबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. ज्याला घरी ठेवायचं म्हणून कुंपण शिवलं, तो आपल्याकडेच यायला धडपडत होता. पोराच्या कुलपाला नावं ठेवली, आणि आपण काय वेगळं केलं? त्यांनी ब्लेड घेतलं आणि उजवा कोपरा उसवायला घेतला. एका टाक्यापायी आतले टाकेही सुटत गेले, निशिगंधाची एक बाजू लोंबू लागली. जाऊ दे म्हणाल्या. डब्यातला काळा तुकडा काढला आणि अर्धवट उघडं फाटक शिवलं.

श्रीपतींचं बोट त्या फाटकातून बाहेर आलं, काठ ओलांडून बाईंच्या हातावर थांबलं.

"आलो गं," ते म्हणाले. "वाढ."

बाई ताट घ्यायला उठल्या. बाहेरचं कुलूप उघडायला अजून चार तास होते.