चंपाषष्ठीची वांगी

मस्कतमधल्या मराठी बायका प्रेमाताईला मान देत, आणि तो मान तिने वांग्यांवर मिळवला होता. शहराच्या अल खौद भागात, तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत तिने अकरा वर्षं वांगी पिकवली, आणि दर चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याचं भरीत तिच्याच वांग्यांचं होई. चातुर्मास लागल्यापासून वांग्याला न शिवलेली पन्नासेक माणसं त्या भरताकडे डोळे लावून बसत. परसबागेच्या व्हॉट्सॲप ग्रुपची ती ॲडमिनही होती. ‘ताई, टोमॅटो आता लावू का?’ असं कोणी विचारलं की तिचं उत्तर सरकारी परिपत्रकासारखं यायचं. ऑगस्टमध्ये घरात रोपं, ऑक्टोबरमध्ये बाहेर, मार्चअखेर गाशा गुंडाळा. ओमानमध्ये भाजी लावायची ती अशीच. ओमान म्हणजे अल खौद, हे ती वेगळं लिहीत नसे.

या वर्षी मात्र तिच्या नवऱ्याची, रमणची, बदली थेट जबल अखदरच्या डोंगरावर झाली. दोन हजार मीटर उंचीवरच्या एका हॉटेलात हीटर सांभाळायला माणूस हवा होता. ओमानमध्ये हीटर कशाला लागतात, असा प्रश्न एखाद्या शंकेखोर बाईला पडला असता. प्रेमाला फक्त एवढंच दिसलं की क्वार्टरमागे खरीखुरी जमीन आहे. ऑक्टोबरात तिने वांग्याची दहा हातभर रोपं गाडीच्या मागच्या सीटवर बसवली, त्यांना पट्टे लावले आणि रमणला वळणं जपून घ्यायला सांगितलं. रमणने सूटकेस मांडीवर घ्यावी असंही तिने सुचवलं होतं, पण गाडी त्यालाच चालवायची होती.

शेजारच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागेत साकिबभाई डाळिंबं आणि लसूण पाहायचे. पांढऱ्या दाढीचे, मूळचे चितगावचे, बावीस वर्षं याच डोंगरावर. रोपं बघून ते कुंपणाशी आले.

“भाभी, बैंगन अभी नहीं. इधर ठंडी में सब जल जाता है. मार्च के बाद लगाओ.”

ग्रुपमध्ये नव्याने आलेल्या बायकांसाठी राखून ठेवलेलं हसू प्रेमाने त्यांना दिलं. “हम ग्यारह साल से ओमान में लगाते हैं, साकिबभाई.”

“नीचे लगाते थे,” साकिबभाई म्हणाले आणि आपल्या लसणाकडे वळले.

माणूस अडाणी आहे, पण मनाचा चांगला, असा निकाल प्रेमाने संध्याकाळी रमणला ऐकवला. रमणने मान डोलावली. लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर मान कुठे डोलवायची हे त्याला कळत होतं.

आणि रोपांनीही तिचीच बाजू घेतली. नोव्हेंबरात जांभळी फुलं आली, मग लिंबाएवढी वांगी धरली. प्रेमा रोज सकाळी चहा घेऊन उकिडवी बसायची, पानं उचलून मोजायची आणि ग्रुपवर फोटो टाकायची. ‘डोंगराची हवा मानवली,’ असं खाली लिहायची. खाली पन्नास अंगठे उमटायचे. वाढ जरा हळू होती, पण चंपाषष्ठी डिसेंबरच्या मध्यावर होती आणि तोवर नैवेद्यात मिरवतील अशी वांगी होणार, याबद्दल तिला शंका नव्हती. तिला फक्त एकाच गोष्टीची धास्ती होती. आपण अल खौद सोडून गेलो म्हणून तो मान दुसऱ्या कोणाकडे जाऊ नये. दुसरी कोणी म्हणजे अश्लेषा. तीन वर्षांपूर्वी आलेली, बँकेतली, कुंड्यांना नावाच्या चिठ्ठ्या लावणारी.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात साकिबभाई गोणपाटं घेऊन आले. “शाम को ढक देना, सुबह निकालना. सिर्फ ये हफ्ता.” वांग्याला मोकळी हवा लागते, गोणपाटाने फुलं गळतात, हे प्रेमाने त्यांना शांतपणे समजावलं. रिकाम्या हाताने कसं परत पाठवायचं, म्हणून घडी घातलेल्या गोणपाटांवर शंकरपाळ्यांचा डबाही ठेवला.

सणाला चार दिवस होते. सकाळी ती चहा घेऊन मागे गेली तर दहाही रोपं काळी पडून लोंबत होती, उकडून निथळत ठेवलेल्या पालकासारखी. वाफ्याच्या कडेला पांढरी बुरशी दिसली, ती बुरशी नव्हती, बर्फ होता. तिने एक वांगं हातात घेतलं. ते गार होतं आणि दाबल्यावर पाणी सुटलं. ती तिथेच बसून राहिली. अकरा वर्षांत तिने दुसऱ्यांच्या कितीतरी मेलेल्या रोपांवर ‘तुमचंच काहीतरी चुकलं असणार’ असं लिहिलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. ग्रुपवर अश्लेषाचा निरोप होता. ‘प्रेमाताई, यंदाही वांगी तुमचीच ना?’

प्रेमाने लिहिलं, ‘अर्थात.’ आणि वर एक हसरा चेहरा टाकला.

सणाच्या सकाळी दोघं डोंगर उतरून पायथ्याच्या बिरकत अल मौझला पोहोचली. तिथल्या भाजीच्या दुकानाशी रमणने न विचारता गाडी थांबवली. प्रेमा उतरली. किनाऱ्याकडच्या सहम गावच्या शेतातली वांगी होती, चकचकीत, एकसारखी, साच्यात ओतल्यासारखी. तिने पाच किलो घेतली. गाडीत बसून ती ओल्या फडक्याने एकेक पुसू लागली, आणि मग वाफ्यातून पिशवीत घेतलेली थोडी माती देठांना लावली. रमणने आरसा सारखा केला आणि रस्त्याकडे पाहिलं.

अल खौदला ग्रुपमधल्या सोनलच्या घरी तळी भरायची तयारी चालू होती. स्वयंपाकघरात बाजरीच्या रोडग्यांचा वास होता. “आली बाई वांगेवाली,” कोणीतरी म्हणालं, आणि प्रेमाच्या हातातली पिशवी ओट्यावर गेली. ओट्याच्या कोपऱ्यात अश्लेषा कोथिंबीर निवडत होती. तिच्या पायाशी एक टोपली होती, वर रुमाल टाकलेला. प्रेमाने रुमाल सरकवला. आत वांगी होती. लहानमोठी, एक वाकडं, एकाच्या गालावर पानाचा ओरखडा. बाजारात कोणी घेणार नाही अशी, आणि घरचीच, हे लांबून कळावं अशी.

“तुमच्याच वेळापत्रकाप्रमाणे लावली होती,” अश्लेषा म्हणाली. “राहू देत, ताई. मी भाजी करेन घरी. मान तुमचा आहे.”

अशा वेळी गप्प बसणं सोपं होतं. चार दिवस प्रेमाने तेच केलं होतं. पण देवापुढे काय ठेवायचं हा प्रश्न होता. माती लावताना जो तिने रस्त्यावर सोडून दिला होता, तो आता दारातून आत आला.

“माझी बाजारातली आहेत,” ती म्हणाली. “बिरकतहून आणली. माझी रोपं मेली. नैवेद्याला हिची घ्या.”

मग सोनल म्हणाली, “बरं, मग दोन्ही मिसळू, माणसं खूप आहेत,” आणि तिने सुरी मागितली. दुसरीने तेलाची वाटी पुढे केली. तिसरीला मिरच्या किती घ्यायच्या ते विचारायचं होतं. अकरा वर्षांचा मान होता, तो एवढ्यात संपला. कोणी हसलं नाही, कोणी टोमणा मारला नाही. कोणाला काही पडलंच नव्हतं, आणि हे प्रेमाला बर्फापेक्षा जास्त लागलं.

फक्त अश्लेषाचा हात कोथिंबिरीवर थांबला होता.

“किती रोपं होती?” तिने हळूच विचारलं.

“दहा.”

“दहाही?”

“दहाही. फळं धरली होती गं,” प्रेमा म्हणाली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा तिला रडू आलं. अश्लेषाने कोथिंबीर बाजूला सारली आणि तिच्यासाठी स्टूल पुढे ओढलं.