दोरीवरच्या नूडल्स

"थंड नूडल्स ना? डोळे मिटून करीन, शेठ!" असं मोनालीने कॅन्टीनवाल्या कृष्णकांतशेठला फोनवर सांगितलं. तोवर तिने आयुष्यात एकाच प्रकारच्या नूडल्स केल्या होत्या, दोन मिनिटांच्या. त्यांनाही अकरा मिनिटं लागली होती.

बोईसरच्या एका कंपनीत मशीन बसवायला चार कोरियन साहेब आले होते. कॅन्टीनची उसळ बघून ते आठवडाभर केळी खात होते. शुक्रवारी दुपारी एक वाजता त्यांच्या किम साहेबांना थंड नूडल्सचा डबा पटला, तर सहा महिने चौघांचे डबे मोनालीचे. नाही पटला, तर बोईसरची खोली सोडून परत गावाला, दांडीला, सासूबरोबर बोंबील सुकवायला. नवऱ्याची, रूपेशची, कंपनी बंद पडली होती आणि तिसरा रस्ता नव्हता.

मदतीला दांडीहून सासू जमनाबाई आली होती. बोलावली नव्हती.

शुक्रवारी सकाळी नऊला लाईट गेली. वीज जवळच्या तारापूरला तयार होते, पण शुक्रवारी ती बोईसरला ओळख दाखवत नाही. फ्रीजचं कपाट झालं. मोनालीने रूपेशला बर्फाला पिटाळलं. तो साडेदहाला गोणी घेऊन आला.

"कुठून आणलास?"

"दांडीहून, निमेशच्या बोटीवरून. एकदम ताजा."

"बर्फ ताजा असतो काय? वास मारतोय हा!"

"अगं, यात पापलेट होती. ती पण ताजीच होती."

मोनालीने बर्फ पिशवीत बांधला, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली आणि स्वतःच्या नाकाला ओढणी बांधली.

मग सॉस. मोबाईलवर बघितलेल्या व्हिडिओतल्या लाल पेस्टचं नावही बोईसरला कोणी ऐकलं नव्हतं. तिने लसूण, व्हिनेगर, गूळ, भाजलेले तीळ आणि सासूचा घरचा मसाला कालवला. व्हिडिओत 'दोन चमचे' होतं. चमचा केवढा, ते नव्हतं. तिने भाजी वाढायचा घेतला. रूपेशने बोट चाटलं, मोरीत गेला आणि नळाखाली तोंड धरून दहा मिनिटं बसला. मग मोबाईलवर टाईप करून दाखवलं: छान झालंय.

तिने आणखी गूळ घातला. नूडल्स उकडल्या, गार पाण्यातून काढल्या.

"आई, ह्या निथळत ठेवा. मी काकडी घेऊन येते."

ती आली तेव्हा गॅलरीत कपड्यांच्या दोरीवर, रूपेशची निळी पँट आणि टॉवेल यांच्या मधे, नूडल्स लटकत होत्या. दोन-दोनच्या जोड्या, गाठ मारून, जसे बोंबील लावतात तशा. खाली जमनाबाई काठी घेऊन कावळे हाकत होती.

"आई! हे काय?"

"निथलत ठेव बोललीस ना? मग? मीठ पन चोललंय. चार दिस ऊन दे, वरीसभर हलनार नाय."

बारा वाजायला दहा मिनिटं होती. मोनाली उंबऱ्यावर बसली आणि रडली. रडून झाल्यावर गाठी सोडवायला लागली. ज्यांना पँटचा निळा रंग लागला होता त्या फेकल्या. उरलेल्या तीन पाण्यांनी धुतल्या, पातेलं बर्फावर ठेवलं, सॉस ओतला, वर काकडी चिरली. एक नूडल खाल्ली.

थंड. तिखट. गोडूस. चांगली झाली होती! तिने परत खाऊन बघितली. खरंच चांगली होती.

"आशी गारढोन देनार पावन्याला?" जमनाबाईने पातेल्यात बोट घातलं. "आमी बोटीवर पन ऊन ऊन जेवतो, गो."

"आई, ते थंडच खातात. शेजारच्या हेतलचा डबा आणलाय, त्यात गारच राहतं. तेवढा भरून ठेवा, मी साडी नेसते."

"जा तू. मी करते बराबर."

साडी नेसेस्तोवर डबा भरून, घट्ट लावून, फडक्यात बांधून तयार होता. जमनाबाई गॅसजवळ हात पुसत होती. रिक्षा खाली वाजत होती. मोनालीने डबा उचलला आणि पळाली.

बरोबर एकला ती कॅन्टीनमध्ये होती. कृष्णकांतशेठ उभे होते. किम साहेब स्वतःच्या जेवायच्या काड्या घेऊन बसले होते आणि आठवड्यात पहिल्यांदा हसत होते.

तिने झाकण काढलं. वाफ आली. साहेबांचा चष्मा पांढरा झाला.

काकडीसुद्धा शिजली होती.