रुळाकाठी सोडलेल्या वहाणा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी वहाणांचा जोड आहे. जपानातल्या आमच्या क्योतो शहरात मला गेता म्हणतात. आता माझे लाकूड झिजले आहे. मी फळीवर पडून असतो आणि डोळा लागला की अजून विजेच्या ट्रामची ती घरघर ऐकतो.

माझी मालकीण ओतोसेआजी. माझा पट्टा तुटला, तेव्हा तिने मुलाच्या लहानपणच्या निळ्या अंगरख्याची चिंधी वळून नवा केला. मुलगा तोमेकिची माणसे वाहायची रिक्षा ओढी. शहरात ट्राम आली आणि त्याची गिऱ्हाइके आटली. "आपल्या घरातलं कुणी त्या डब्यात पाय ठेवायचा नाही," असे त्याने बजावले होते.

एका धुकट सकाळी आजी शहराबाहेर फुशिमी गावी आजारी बहिणीकडे निघाली, तीही गुपचूप ट्रामने. ट्राम आतून इतकी लखलखीत होती, की आजीला ते कुणाचे तरी घरच वाटले. घरात जाताना काढतात तसे तिने मला काढले, रुळाकाठी नीट जोडून ठेवले आणि नुसत्या पायमोज्यांनी आत गेली. तारेवर निळी ठिणगी उडाली. ट्राम धुक्यात विरून गेली. फार एकटे वाटले हो मला.

थोड्या वेळाने तोमेकिची तिथून चालला होता. पट्ट्याची निळी चिंधी पाहून तो थबकला.

"आई, तूसुद्धा?" एवढेच म्हणाला.

वाटले, आता लाथेने उडवणार. पण त्याने मला रिक्षाच्या गादीवर ठेवले आणि ट्राममागे, रुळांच्या कडेने मावशीच्या फुशिमीकडे धावत सुटला. जन्मभर पायाखाली राहिलेला मी, त्या दिवशी गादीवर बसलो. पूल, शेते, चहाची दुकाने धुक्यात तरंगत मागे जात होती. ते खरे होते की स्वप्न, मला अजून कळत नाही.

थांबत थांबत आलेली ट्राम फुशिमीला नुकतीच पोचली होती आणि आजी तिच्या पायरीवर अडकून उभी होती. खाली चिखल होता. लोक हसत होते. तोमेकिचीने वाकून मला तिच्या पायांपुढे ठेवले.

"नको बसूस म्हणून सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस. पण मला रिक्षातून इथवर ओढत आणतोस आणि मग चार दिवस खोकत पडतोस. तो खोकला ऐकवत नाही रे."

घाम पुसायच्या निमित्ताने त्याने तोंड फिरवले.

"मग आता परत कशी येऊ?" आजीने हळूच विचारले.

"ट्रामनंच ये," तो म्हणाला. "पण वहाणा घालून चढ."

मित्रांनो, घरातले कुणी न सांगता निघून गेले, तर रुसून बसू नका. आधी धावत जाऊन विचारा.