कोरडी रजई

बोंडअळीच्या वर्षी सिंधूताईचा शेवटच्या वेचणीचा कापूस चिखलीच्या व्यापाऱ्यानं हातातही घेतला नाही. अळीनं खाल्लेला, डागाळलेला. आमच्याकडे त्याला कवडी म्हणतात. आणि बियाणं मात्र बीटीचं, अळी लागत नाही म्हणून महागात घेतलेलं! सिंधूताईनं पोतं आणून माझ्या दारात टाकलं.

"मुबीना, याची रजई भर. माही यशू नर्स म्हणून सिमल्याले चालली. तिथं बर्फ पडते म्हणे."

आम्ही पिंजारी. डागाळलेला कापूसही वेचून, पिंजून त्याचा ढग करतो. पण वेचण्यातच पोरीच्या निघण्याचा दिवस उजाडला. मायलेकी सकाळीच चिखलीला गेल्या. मी दुपारी एकला शेवटचा टाका घातला आणि रजई सायकलच्या कॅरिअरवर बांधली. चिखलीहून एसटी दोनची, वाट आठ किलोमीटरची.

अर्ध्यात गारा आल्या. आधी हरभऱ्याएवढ्या, मग बोराएवढ्या. रजईवर खताची थैली होती, पण एका अंगानं फाटकी. कापूस भिजला की त्याचे गोळे होतात, परत पिंजावा लागतो. सिमल्यात कोण पिंजणार? अंगातलं नवऱ्याचं रेक्झिनचं जाकीट काढून मी रजईला घातलं आणि बाह्यांची गाठ मारली.

रस्त्याच्या कामावरचा दयाराम गारा चुकवायला रस्त्याखालच्या मोरीच्या पाइपात बसला होता. तो ओरडला, "भाभी, थांबा ना! काऊन मरून राह्यल्या?"

"एसटी थांबन का?"

"मंग हे तरी घ्या!" त्यानं घमेलं पुढे केलं.

एका हातात हँडल, दुसऱ्यानं डोक्यावर घमेलं, वर टणटण. रस्ता पांढराशुभ्र. दोनदा चाक सरकलं. दुसऱ्यांदा मी खाली, रजई माझ्यावर. तेच बरं झालं.

स्टँडवर एसटी गारांमुळे खोळंबली होती. सिंधूताईनं आधी मला पाहिलं, मग रजई चाचपली.

"अवं, हे कोरडी आन् तू चिंब! उलटं नाही करता आलं?"

"मी सुकतो वं. माणसाचे गोळे नाही होत."

यशूनं रजई उलगडली आणि मला गुंडाळायला धावली. "खाला, थांबा!"

"ओली होईन ते! सोड!" मी पुढे, ती मागे, अख्खा स्टँड हसतोय. शेवटी सिंधूताईनं मला धरलं, पदरानं खसाखसा पुसलं आणि लेकीच्या ताब्यात दिलं.

इतकी वर्षं रजया भरल्या, एकीतही स्वतः शिरले नव्हते. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा यशूला मला त्यातून सोलून काढावं लागलं.